एका पातेल्यातली एकी

तीर्थस्वरूप वन्सं,

स्वयंपाकघरातूनच वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता काय म्हणतात? इकडे देवाच्या दयेनं सगळे धडधाकट. मुलीच्या लग्नाचं विचारलंत, तर घोडं समोरच्या दारातच अडलंय. समोरच्यांचा मुलगा सालस, आपली त्याच्यावर जीव टाकते; पण तुमचे बंधुराज 'ते आपल्यातले नाहीत' म्हणून तोंड फिरवून बसलेत. असो. (असो म्हटलं तरी जात नाही.)

मध्यंतरी आमच्या इमारतीत देशाची एकी झाली, त्याची हकिगत ऐका. सहा बिऱ्हाडं, सहा भाषा आणि सहा तऱ्हांची कॉफी. कुणी गूळ घालतं, कुणी वेलदोडा, कुणी चिमूटभर मीठ. समोरच्या बाई तर बिनदुधाची, बिनसाखरेची, कडूजहर पितात. आणि जो तो म्हणणार, खरी कॉफी आमची, बाकीच्यांचा काढा. तेव्हा अध्यक्षांनी (निवृत्त हेडमास्तर, अजून घंटा झाल्यासारखे उठतात) ठरवलं, की देशाच्या वाढदिवसाला प्रत्येकानं दुसऱ्याच्या घरची कॉफी प्यायची, कुणाची ते विचारायचं नाही आणि नावं तर मुळीच ठेवायची नाहीत. करायचं काम माझ्याकडे, कारण मी काही वाया घालवत नाही.

वन्सं, तिथंच मी माती खाल्ली. सहा घरांतून जिन्नस आले. म्हटलं, पोटात जाऊन सगळं एकच होणार, सहा वेळा गॅस कशाला जाळा? मोठ्या पातेल्यात सगळंच ओतलं. दूध फाटलं, ते गाळून घेतलं. चव बघायला हवी होती. पण तुम्हाला ठाऊकच आहे, देवापुढे ठेवल्याशिवाय मी जिभेला काही लावत नाही. आणि देव काही बोलला नाही.

गच्चीवर झेंड्याखाली कप वाटले. पहिल्या घोटाला सगळ्यांचे डोळे पांढरे! पण जो तो समजला, ही शेजाऱ्यांच्या घरची रीत. "वा, वेगळीच आहे हं!" अध्यक्षांनी 'सहिष्णुता' या शब्दावर डोळे मिटून कप रिकामा केला. तुमच्या भावानं तर चांगुलपणा दाखवायला दुसरा कप मागितला. शेवटी समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, कुणाची का असेना, हे भांडी विसळलेलं पाणी आहे!" मग जो हशा पिकला म्हणता! सहाही बिऱ्हाडं पहिल्यांदाच एका मतावर आली आणि ते मत माझ्याविरुद्ध होतं. मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यावर त्याच बाईंनी ती चव तोंडातून जावी म्हणून आपली कडू कॉफी सगळ्यांना पाजली आणि बाह्या सरसावून माझ्याबरोबर पातेलं घासायला बसल्या. अशी विहीण मिळायला पुण्य लागतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापे.

तुमची भावजय

ता. क. हे तुमचा शब्द मोडत नाहीत. चार दिवस येऊन त्यांना समजवा. पोरगी तोंडानं काही म्हणत नाही, पण अर्ध्या ताटावरून उठते.

आणखी ता. क. एवढ्यानं नाहीच ऐकलं, तर एक हुकमी पान देते. त्या दिवसापासून हे रोज सकाळी 'पेपर आणतो' म्हणून बाहेर पडतात आणि समोरच्यांच्या स्वयंपाकघरात बसून ती कडूजहर कॉफी पिऊन येतात. मला पत्ता नाही असं त्यांना वाटतं. पण मुकाट्यानं 'हो' म्हणाले, तर तुम्ही अवाक्षर काढू नका. घरचा रोज एक कप वाचतोय.