सायकलीची खंडेनवमी

लातूर,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

महांतेशअण्णांना राजशेखरचा शरणु शरणार्थ, आणि शिवगंगाअक्कांना वेगळा.

तुमचं बीपी, अक्कांचे गुडघे आणि नायगावकडचं पाऊसपाणी या तिन्हींची चौकशी एकदमच करतो, कारण तिन्हींचं उत्तर तुम्ही ‘चालू आहे’ एवढंच देता. इकडे उमादेवीची तब्येत चांगली आहे. माझीही चांगली आहे, डावं कोपर, डावा गुडघा आणि बरगडीचा थोडा भाग सोडून. लिहायचा हात उजवा असल्यामुळे पत्राला अडचण नाही. फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही दुकानात स्पीकर लावून बोलता आणि खत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मध्येच मला सल्ला देतं. सध्या मला सल्ले पुरेसे आहेत.

देगलूरच्या लग्नात भेटलो तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की डाळमिलचा कारभार हळूहळू शिवलिंगकडे देणार आहे. तो माझ्या अंदाजापेक्षा भराभर गेला. पोरानं डाळ रंगावरून निवडणारं मशीन आणलं, त्यात खडा तर सोडाच, काळा दाणाही सुटत नाही. मग दाण्यातला ओलावा सांगणारं मशीन आणलं. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगायचं काम इतकी वर्षं माझं होतं. मशीन आणि मी दोघंही एकच आकडा सांगायचो, आणि खरी अडचण तीच झाली. दोघं एकच सांगत असतील तर जो चहा पीत नाही तो राहतो. माझी खुर्ची आधी फाटकाजवळून आत गेली, मग ऑफिसातून मागच्या खोलीत गेली, आणि एके दिवशी मी गेलो तर तिच्या जागी प्रिंटर होता. पोराचं चुकतंय असंही नाही. मिल चांगली चालली आहे, माझ्या वेळेपेक्षा चांगली चालली आहे. (हे वाक्य मी एकदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.) ‘अप्पा, तुम्ही आता निवांत राव्हा,’ असं तो प्रेमानंच म्हणतो. निवांत राहायचं म्हणजे नेमकं कुठं बसायचं, ते मात्र सांगत नाही.

मग डॉक्टरांनी माझी शुगर बघून चालायला सांगितलं. शिवलिंगला कुठलीच गोष्ट लहान करता येत नाही. त्यानं माउंटन बाइक घ्यायचं ठरवलं. लातूरला डोंगर कुठं आहे असं मी विचारलं, तर म्हणाला, सायकल डोंगराची असली म्हणजे झालं. हैदराबादला दुकानात गेलो. एवढ्या सायकली, आणि एकीलाही मागं कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँड नाही. जितक्या वस्तू कमी तितकी किंमत जास्त. शॉकअप फक्त पुढं हवं की पुढं-मागं दोन्हीकडं, यावर पोरगा आणि दुकानदार इतका वेळ बोलले की मी दोन सायकलींच्या मध्ये स्टुलावर एक डुलकी काढली. दुकानदारानं शेवटी मला विचारलं की काका, चालवणार कुठं. मी म्हटलं, घरापासून मिलपर्यंत. शिवलिंग लगेच म्हणाला, नाही नाही, मिलवर नाही. किंमत इथं लिहीत नाही. आपण दोघांनी भागीत घेतलेली पहिली मोटारसायकल हिच्या निम्म्यात आली होती, आणि तिला इंजिन होतं.

सायकलीबरोबर बाकीचं लटांबर आलंच. हेल्मेट, हातमोजे, धूळ जाऊ नये म्हणून गॉगल, आणि पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी. तिची नळी खांद्यावरून तोंडापाशी येते. पहिल्यांदा ती घालून बाहेर पडलो तेव्हा समोरच्या किराणावाल्यानं सलाईन लावून कुठं निघालात असं विचारलं. चड्डीची तर वेगळीच कथा. तिला आतून गादी असते. उमादेवीनं ती गच्चीवर वाळत घातली, तर शेजारच्या बाईंनी घरात पाळणा हलला का म्हणून चौकशी केली. उमादेवी हो म्हणाली आणि खाली येऊन मला सांगून गेली.

आता राईडचं सांगतो. इथं वर्षाराणी नावाच्या एक दातांच्या डॉक्टर आहेत, त्या सायकलवाल्यांचा क्लब चालवतात. बाई मनानं चांगल्या आहेत, पण प्रत्येक राईडला फी असते. फीमध्ये टी-शर्ट, उपमा, केळं, मेडल आणि मागून येणारी अँब्युलन्स एवढं मिळतं. वरून ड्रोननं फोटो हवा असेल तर पैसे वेगळे. मेडल सगळ्यांना असतं, पहिल्या आलेल्यालाही आणि शेवटी आलेल्या मलाही. औशाला एसटीनं जायला लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे भरून मी औशाला गेलो, आणि ओढायचं काम पुन्हा माझ्याकडेच. मी कायम शेवटी असल्यामुळे अँब्युलन्स माझ्याच चालीनं येते. ड्रायव्हर काचेतून हात बाहेर काढून माझ्याशी गप्पा मारतो. त्याच्या मुलीच्या लग्नाचं जवळजवळ सगळं आम्ही राईडमध्येच ठरवलं. (मुलगा उदगीरचा आहे, घर चांगलं आहे.) शिवलिंगनं वर्षभराच्या राईडचे पैसे एकदमच भरून टाकले, रविवारची मोठी राईड आणि मधल्या वारी सकाळी सराव. सकाळी म्हणजे नेमकं मोंढ्यात धान्याचे सौदे निघायच्या वेळी. लोक पैसे भरून मुलाला वसतिगृहात ठेवतात, तसं त्यानं मला रस्त्यावर ठेवलं आहे.

तरी खंडेनवमीला मिलवरून बोलावणं आलं. यंत्रांची पूजा घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून व्हावी लागते, त्याला अजून मशीन निघालेलं नाही. मी पहाटेच आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, घरून तेलाची वाटी आणि विभूती घेऊन गेलो. तुम्हाला माहीत आहे, आपल्या दोघांच्याही वडिलांच्या काळापासून लोखंडाची वस्तू नुसती पुसून चालत नाही, तिला तेलाचा हात फिरवावा लागतो, मग विभूतीची बोटं, मग फूल. पण नव्या मशीनवर तेल लावू नका, त्याला कॅमेरे आहेत, असं शिवलिंगनं सांगितलं. विभूती उडून आत जाईल म्हणून तीही कागदावर काढून चिकटवली होती. मी नारळ फोडला, त्यांनी फोटो काढला, आणि मला पेढा देऊन गाडीत बसवलं. वाटी भरलेली तशीच हातात.

ते तेल घेऊन मी घरी आलो. आता या घरात माझ्या ताब्यात लोखंडाची एकच वस्तू उरली होती. मग मी सायकलीची पूजा केली, आणि जी मिलवर करू दिली नाही ती सगळी केली. साखळी झाली, हँडल झालं, पेडल झाली. चाकाच्या मधोमध एक गोल, चकचकीत, भोकाभोकांची पोलादी चकती असते. सगळ्या सायकलीत पूजेला लायक तेवढीच दिसत होती. तिला दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी, बोट फिरवून फिरवून गोडंतेल लावलं. वरून विभूती. चाकाखाली लिंबू. उमादेवी म्हणाली, आपल्या लग्नात तुम्ही मला एवढं मन लावून हळद लावली नव्हती.

ती चकती म्हणजे ब्रेक असतो, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

रविवारी जळकोटला राईड होती. तिकडं माळ आहेत, चढ-उतार आहेत, म्हणजे सायकलीला पहिल्यांदा माहेरी आल्यासारखं वाटलं असेल. चढ मी सायकल हातात धरून चढलो. उताराला लागलो आणि ब्रेक दाबला, तर ब्रेक लागला नाही, वास आला. भजी तळल्याचा. पुढचे दोघं तर टपरी कुठं दिसते का म्हणून वळून बघायला लागले. मी आणखी जोरात दाबला, वास आणखी खमंग झाला आणि सायकल आणखी जोरात सुटली. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं गेलो. वर्षाराणी मागून ‘छान, काका, छान,’ असं ओरडत होत्या. खाली रस्ता वळत होता, मी वळलो नाही. समोर एका शेतात सोयाबीनचं मळणी यंत्र चालू होतं आणि शेजारी गुळीचा, म्हणजे भुसकटाचा, डोंगर झाला होता. डोंगराच्या सायकलीला शेवटी डोंगर मिळाला. मी त्यात कमरेपर्यंत गेलो.

शेताचे मालक किशनराव. त्यांनी यंत्र बंद केलं, माझ्या हेल्मेटकडं आणि गॉगलकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘पंचनाम्याला आलाव का, साहेब? उशीर केलाव. पीक तर निघालं की.’

मला बाहेर काढलं, पाणी दिलं. अँब्युलन्सवाल्यानं कोपराला पट्टी लावली आणि बांधाच्या सावलीत जाऊन आडवा झाला. मी जायला उठलो, पण उठताना सवयीनं राशीतला एक दाणा तोंडात टाकला. ओला होता. आज बाजारात नेला तर व्यापारी ओलाव्यापोटी भाव कापणार, दोन उन्हं खाऊ द्या, असं मी म्हणालो. (मी व्यापारी, म्हणजे कापणारा मीच, त्यामुळे खात्रीनं सांगितलं.) किशनरावांनीही एक दाणा चावला आणि मान हलवली. मग ताडपत्री आणली. एक कोपरा धरायला माणूस नव्हता, तो मी धरला. वाळलेला माल वेगळा भरायचा होता, तर पोत्याचं तोंड धरायला मी. मग दाभण आणि सुतळी दिसली, तर पोती शिवायलाही मीच बसलो. हेल्मेट काढायचं राहूनच गेलं होतं. अण्णा, टाका विसरलो नाही. एकसारखा पडत होता. गुडघा दुखत होता तो कधी थांबला ते कळलं नाही. (पुन्हा सुरू कधी झाला ते मात्र कळलं.)

दुपारी किशनरावांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी, भाकरी आणि ठेचा आणला. मलाही वाढलं. मी पोटभर जेवलो आणि परत दाभण हातात घेतलं. त्या बघत होत्या. मग त्यांनी काहीही मनात न ठेवता विचारलं, ‘दादा, तुमच्या घरी काई काम न्हाई का?’

मी म्हटलं, ‘हाय की. लई हाय.’

‘मग जावा की,’ त्या म्हणाल्या, ‘वाट बघत असतील माणसं.’

मी ते पोतं पूर्ण शिवलं.

तेवढ्यात शिवलिंग गाडी घेऊन आला. वर्षाराणींनी त्याला कळवलं होतं. त्यांनी माझं मेडलही त्याच्याकडे दिलं होतं. ब्रेक कसा गेला हे क्लबच्या मिस्त्रीनं चकतीवर बोट फिरवून आणि मग ते बोट हुंगून सांगितलं. मला वाटलं, पोरगा रागवेल. रागवला असता तर बरं होतं, मीही दोन शब्द बोललो असतो. अर्ध्या रस्त्यात त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, ‘अप्पा, चूक माझीच आहे. तुम्हाला घरातच सायकल आणू. जागेवरची. पडायची भीती नाही.’ आणि लातूर यायच्या आत त्यानं ती फोनवर मागवली. ती मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसणार आहे. तिला ब्रेक नाहीत कारण ती कुठं जात नाही, पण किती किलोमीटर झाले ते समोर दिसतं म्हणे. येत्या शुक्रवारी येते आहे.

बाकी सर्व क्षेम. दिवाळीला भाव काय राहील याचा अंदाज तुम्ही विचाराल म्हणून लिहितो, मला आता माहीत नसतो.

तुमचा साडू,
राजशेखर

ता.क. वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, काम पुढं आहे. देगलूरला तुम्ही म्हणाला होता की तुमचा काउंटरवरचा ज्ञानोबा स्वतःचं दुकान टाकायला निघून गेला आणि भरवशाचा माणूस मिळत नाही. बियाणं मला कळतं. पोती शिवता येतात. उधारी मागायला मी जाणार नाही, पण बाकी सगळं करीन. पगार नको. शुक्रवारच्या आधी शिवलिंगला फोन करा आणि गरज तुमची आहे असं सांगा. जरा चिडूनच सांगा, म्हणजे खरं वाटेल. हे पत्र मी लिहिलेलं नाही.

ता.क. पाकीट बंद करायच्या आधी उमादेवीनं पत्र मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. हळदीचं वाक्य खोडायला सांगेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं की तुमच्या दुकानावरच्या रिकाम्या खोलीत चूल मांडायला जागा आहे का, कारण इथं स्वयंपाकाला बाई लावल्यापासून तिला ओट्याजवळही उभं राहू देत नाहीत. या घरात बिनकामाचा मी एकटाच आहे असं मी समजत होतो. तर वर एका माणसाचं लिहिलं आहे, ते दोघांचं धरा.

ता.क. फोन रात्री जेवायच्या वेळी करा, तेव्हा आम्ही सगळे एकत्र असतो. शिवलिंग फोन माझ्याकडं देईल. त्याच्यासमोर मला नको म्हणावं लागेल. मिल सोडून मी कसा येऊ, असंही म्हणेन, आवाज चढवून म्हणेन. तुम्ही फोन ठेवू नका.