शेवटचा घास

१४ नोव्हेंबर

प्रिय विगिल,

तुझं पत्र मिळालं. बाबांचा गुडघा बरा आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. मिट्झीचं विचारलंयस, ते सांगतेच. आधी डोंगराचं ऐक.

वादळात घरामागचं जंगल आडवं झालं तेव्हा तू व्हिएन्नात होतास. पुढच्याच हिवाळ्यात बर्फाचा लोंढा गोठ्याच्या भिंतीला येऊन टेकला. आता त्याला अडवणार कोण, तर मी लावलेली फर वृक्षांची रोपं! ती अजून गुडघ्याएवढीच आहेत, कारण हरणं शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाडाची वाढ खुंटलीच. म्हणून एकेका शेंड्याला मेंढीची लोकर गुंडाळली. रानातली हरणं त्या वासाने लांब राहिली. मिट्झी कुठली राहायला? बाबांची लाडकी हरणी, मेंढ्यांच्या गोठ्यात बाटलीच्या दुधावर वाढलेली. तिला तो वास घरचाच! लोकर ओढून टाकायची आणि शेंडा खायची.

कुंपण घाल म्हणशील. घातलं होतं, बर्फाने नेलं. बाबांना म्हटलं, "बांधून ठेवा हिला." तर म्हणाले, "तुला बांधलं होतं का कधी?" आणि हसत तिला सफरचंद भरवत बसले. मला रात्र रात्र झोप नाही. छतावर काही वाजलं की उठून बसते.

शनिवारी मी बंदूक घेऊन वर गेले. धुकं होतं. कोणतं हरीण ते नीट दिसलं नाही.

नाही रे. स्वच्छ दिसत होतं. मला बघून ती जवळच येत होती.

गोळीचा आवाज ऐकून बाबा काठी टेकत वर आले. वाटलं, आता मारतील. त्यांनी टोपी काढली. शिकार झालेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवायची, तीही फक्त नराच्या, हे आपल्याला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी माझ्याच एका रोपाची लोकर सोडली, शेंडा मोडला आणि मिट्झीच्या तोंडात ठेवला. "हाच आवडायचा तिला," एवढंच म्हणाले.

आज सकाळी बर्फ सुरू झालं, तेव्हा रोपांना गुंडाळायच्या लोकरीची टोपली उचलून बाबा एकटेच वर गेले. मागे जावं की नको, कळेना. म्हणून हे लिहीत बसलेय.

नाताळला ये. तुझी लेक झिटा आल्या आल्या मिट्झीला शोधेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव. पळून गेली असं मात्र सांगू नकोस. ती पळाली नव्हती.

तुझीच,
नोटबुर्गाताई