काल्याच्या दिवशी मी नाही म्हटलं

प्रिय सारजा,

तुला अनेक आशीर्वाद. घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर जुळवून वाच. परवापर्यंत तुझ्या आईला कुणी विचारत नव्हतं, आणि आता सगळ्या छावणीच्या तोंडी माझंच नाव. मला तर अजून खरंच वाटत नाही, बाई.

औंदा विहिरींनी तळ गाठला, म्हणून गावची सगळी जनावरं दूध सोसायटीच्या छावणीत आहेत. मीही म्हैस घेऊन इथंच पालात राहते. माणसं इथं, म्हणून हरिनामाचा सप्ताहही इथंच बसवला. सोसायटीचे चेअरमन तुझे दादा, तेव्हा यजमानही तेच. नवऱ्याचं घर सोडल्यापासून मी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिले नव्हते. बायकांत मागं बसून हरिपाठ म्हणायचे, बस. परवा हरिपाठ संपला, सगळे रीतीप्रमाणं एकमेकांच्या पाया पडत होते, आणि हे पुरुषांतून उठले ते थेट माझ्यासमोर. सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं! अन् माझे हात गेले की गं खाली! आपल्या वारकऱ्यांत कुणी पाया पडलं की आपणही त्याच्या पडायचं, समोर लेकरू असो की म्हातारा. गुरू भिवराबाईंनी मला तुळशीची माळ घातली तेव्हापासूनची ही सवय. झालं! टाळ वाजले, टाळकरी सुंदररावांनी डोळे पुसले, बाया मला मिठ्या मारायला लागल्या. म्हणे साखराबाईनं माफ केलं, केवढं मोठं मन! मला कुणी विचारलंच न्हाई.

हा डावा हात त्यांनी जात्याच्या खुंट्यानं मोडला, तेव्हा तू दाराआड उभी होतीस. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. अजून मूठ वळत नाही, म्हैस एका हातानं पिळते मी. त्या हाताबद्दल ते परवा एक शब्द बोलले असतील तर शपथ. नुसतं डोकं टेकवलं आणि सुटले.

काल सकाळी भिवराबाईंकडं गेले. वाटलं, त्या म्हणतील, सोडून दे पोरी, नाम घे. तर म्हातारीनं माझी माळ बोटात धरली आणि विचारलं, मनातून माफ केलंस का? मी म्हटलं, न्हाई. तर म्हणाल्या, नमस्कार त्याच्यातल्या पांडुरंगाला केलास, तो कायम राहू दे. पण माळ घालताना खोटं न बोलण्याचा शब्द दिलास ना? आता तुझ्या नावानं खोटं गावभर फिरतंय. ते गप बसून चालू देणार असशील तर माळ उतरवून ठेव. इतकी वर्षं मला वाटायचं, माफ होत नाही म्हणजे माझ्याच भक्तीत खोट आहे.

मग सप्ताहाच्या शेवटचं काल्याचं कीर्तन झालं, लाह्या वाटायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं, मी यांच्या पाया पडले ती रीत होती. माफ केलेलं न्हाई आणि करणारही न्हाई. यांचं वाईट मी चिंतत न्हाई, तेवढं देवाला पुरे. आणि ऐक सारजा, तुझ्या दादांचा हात वर गेला! सगळ्यांदेखत, माझ्यावर! माझे हात जसे खाली गेले होते ना, तसाच त्यांचा आपोआप वर गेला. सुंदररावांनी मनगट धरलं म्हणून बरं. लोकांचे चेहरे पाहायला हवे होतेस. तरी तोंडातून निघालेला शब्द मी मागं घेतला नाही.

हे सगळं घाईनं का लिहिते, ते सांगते. दुधाच्या टँकरचा शहादेव आत्ताच माजलगावहून आला. तो म्हणाला, तू येऊन राहिलीस त्या मावशीच्या घरी जावई आले, तुझ्या पाया पडले, आणि आईनं माफ केलं मग मी कोण, असं म्हणून तू सोमवारी त्यांच्याबरोबर नांदायला जाणार आहेस. अगं, माझ्या नावावर जाऊ नकोस! मी माफ केलेलं नाही. तुझ्या पाठीवरचे वळ मी तेल लावताना पाहिलेत, विचारलं नाही एवढंच. हे पत्र शहादेवच्याच हाती देते. तो तिथं दूध उतरवून लगेच इकडं छावणीत माघारी फिरतो. बाळाला घे आणि टँकरमध्ये बस.

तुझीच, वाटेकडं डोळे लावून बसलेली,
आई