फाटकापाशी निसरडं

५ जानेवारी, रविवार
हेल्काच्या एका पावलाची खरी किंमत — खुब्यात दोन स्क्रू, आठ आठवडे कुबड्या, चर्चच्या गायनातली जागा, आणि माझी झोप. नोव्हेंबरात बाजारातल्या फुटपाथवर पडली. पायात साधे बूट. बर्फावर न घसरणारे मोळ्यांचे बूट विकणाऱ्या माझी बायको! डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पडल्या तर चाकांची खुर्ची."

आज पहिल्यांदा एकटी निघाली आणि फाटकापाशी पाय सटकला. फाटक हाताशी होतं म्हणून वाचली. तिथे काचेसारखा बर्फाचा पट्टा. काल दुपारी मी स्वतः वाळू टाकली होती — वाळू आहेच, पण बर्फाच्या खाली.

७ जानेवारी, मंगळवार
दुकानात गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो — एकोणीस हिवाळे झाले, माझ्या फाटकासमोर कुणी घसरलं नाही. आईच्या ओसरीत बुटांना मोळे ठोकत मोठा झालोय, मला बर्फ कळतो. आज सांगताना जीभ अडखळली.

शेजारच्या तुईनेबाईंना विचारलं, "तुमची पन्हळ गळते का हो?"
"ती डिसेंबरपासून दगड झालीय, ऊर्हो. गळत असेल तर तुझं डोकं."
हसलो. पण मग पाणी येतं कुठून?

११ जानेवारी, शनिवार
फाटक तीनदा पाहिलं. कोरडं. दोन बादल्या वाळू टाकली.

संध्याकाळी अंगणातल्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, शनिवारची आंघोळ. वाफेत बसून, उन्हाळ्यात बांधून ठेवलेल्या बर्चच्या पानांच्या जुडीने पाठ झोडून घेतली. तिथली मोरी नव्या वर्षापासून गोठलेली. टबातलं पाणी गेल्या शनिवारसारखंच दाराबाहेर ओतलं.

हेल्का म्हणाली, "उद्या चर्चला जाणारच. वसंतापर्यंत काय मुरांब्यासारखी बरणीत ठेवणारेस मला?"

१२ जानेवारी, रविवार
पुन्हा पट्टा. त्याच जागी.

दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात. ती कोट घालून ओट्याशी बसून राहिली. "बर्फ परवडला, तू नको," एवढंच बोलली. ती जमिनीवर आडवी पडलेली मला सारखी दिसते.

१३ जानेवारी, सोमवार
पहारीने पट्टा फोडला. आत बर्चची पानं. जानेवारीत इथे झाडावर एक पान नसतं.

सौनाच्या दारापासून फाटकापर्यंत उतार आहे.