आय्तु बिडी

बोगादी, मंगळवार संध्याकाळ

म्हैसूरजवळ येलवालपुढच्या एका गावात आज सभा झाली. गावाचं पुढे काय करायचं ते गावकऱ्यांनीच ठरवायचं होतं, अहवाल मी लिहायचा होता. देवळापुढे रांगोळीने नकाशा काढलेला. ज्याला जे जपायचंय, तिथे त्याने चिंचोका ठेवायचा. गौरम्मा अज्जीने स्वतःच्या घरावर ठेवला. नव्या रस्त्याची रेघ नेमकी त्याच घरावरून गेलेली.

आमचे साहेब मोडक्या कानडीत म्हणाले, "अज्जी, घराचं नको, गावाचं सांगा."

"माझं घर गावात नाही काय?"

"अज्जीचा राजवाडा आहे हो, वळवा रस्ता!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

साहेबांनी बुटाच्या टोकाने चिंचोका बाजूला सारला. तिने वाकून तो उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली, "आय्तु बिडी."

साहेब बाहेरचे, दहा-बारा कानडी शब्दांवर निभावणारे. "आय्तु म्हणाली ना, म्हणजे ठीक? मग संमती लिहा."

आमच्या चार पिढ्या म्हैसुरात गेल्या. बाबांपुढे काही चालेनासं झालं की आई हेच म्हणायची: आय्तु बिडी. झालं, सोडा आता. ही संमती नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं?

पाचची मुदत होती. साडेचारला अहवाल पाठवला. ‘गौरम्मा: संमती.’

निघताना तिने गाठलं. चिंचोका अजून मुठीतच. "माझं लिहिलंत ना, अप्पा?"

"लिहिलं, अज्जी."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुम्हाला तरी आमची भाषा कळते."