जवसाचं तेल

पुणे,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनोददादा,

आई-बाबांना नमस्कार सांग, निता वहिनीलाही. मी बरी आहे. थ्रेशर मिळालं का, की सोयाबीनच्या गंज्या अजून झाकूनच ठेवल्यात?

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू दोन वाक्यांत "थांब, आईले देतो" म्हणून मोकळा होतोस. पत्र तिच्या हातात देऊन सुटता येणार नाही, तिला वाचता येत नाही.

नेमबाजीच्या शिबिरासाठी माझी निवड झाली नाही, हे घरी कळलं असेलच. मालेगावलाही पोचलं असेल.

काय झालं ते तुला सांगते, कारण घरात पिस्तूल कळतं ते तुलाच. सरावाच्या गोळ्या ठीक गेल्या. खरी फेरी सुरू झाली आणि दुसऱ्याच गोळीला स्लाइड अर्ध्यावर अडकली, रिकामी पुंगळी आत तशीच. पंचांनी पुन्हा मारू दिलं. तेव्हा नुसता टक् आवाज झाला, गोळी गेलीच नाही. एकदा माफ असतं, दुसऱ्यांदा नसतं. शेजारच्या मुली मारत होत्या आणि मी हात खाली सोडून उभी होते. तिथंच रडले, सगळ्यांसमोर.

आधी मी आईलाच दोष दिला. खंडेनवमीला बाबांनी विळे, कुऱ्हाड, पाने-पक्कड सगळं पाटावर मांडलं आणि मधोमध माझं रिकामं पिस्तूल. आईनं त्यावर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. मी ओरडले तर म्हणाली, "वर्षभर तुह्या हातात राह्यते थे, त्याले कुकू नको लावू?" मी हसले. तेवढ्यात तू म्हणालास, "मालेगावचे पाहुणे येऊन राह्यले, तू तयार हो. पिस्तूल मी साफ करून ठेवतो."

मी दिलं. का नाही देणार? अकोल्याच्या रेंजवर मला मोटरसायकलवर नेणारा तू. साफ करायला शिकवलंस तूच. "थेंबभर तेल, बाकी सारं पुसणं," हे तुझं वाक्य. या बारक्या गोळ्यांना मेण असतं, काजळी फार होते, त्यात तेल जास्त झालं की चिखल होतो. रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबून पाहायचा नाही, पिन नळीच्या कडेवर आपटते, हेही तूच सांगितलंस. दसऱ्यानंतर रेंज बंद होती, म्हणून एकही गोळी न मारता मी पुण्याला आले. स्लाइड जड लागली होती. म्हटलं, दादानं साफ केलंय, असेल काहीतरी माझंच.

चाचणीनंतर खोलीवर ते उघडलं. कुंकू तर वरच्यावर होतं, एका चिंधीनं निघालं. पण पिनेच्या घरात आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली पिवळट, चिकट साय धरली होती, जळकी पूड तिच्यात रुतलेली. वास घेतला तर आपल्या स्वयंपाकघराचा.

वहिनीला फोन केला. बिचारी सरळ बोलून गेली, "त्यायनं जवसाचं तेल मांगतलं. मी म्हनलं सोयाबीनचं घ्या, हाताशी हाय. तर म्हने, नाही, जवसाचंच दे."

वखराच्या दांड्याला तू तेच लावतोस. मी लहानपणी विचारलं होतं, हेच काहून? "थे वाळते अन् घट्ट बसते," म्हणाला होतास. आणि माझ्या पेटीत पिस्तुलाच्या तेलाची बाटली अगदी वरच होती, दादा.

माझी निवड झाली असती तर मी शिबिराला गेले असते आणि वहिनीच्या मामेभावाला, ऋषिकेशला, माझ्या लग्नाचा दिलेला तुझा शब्द लटकला असता. मला समोर बसवून बोलायचं होतंस. मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण तुझं तोंड पाहिलं असतं. दुसऱ्या कोणी पिस्तूल साफ केलं असतं तर मी ते उघडून तपासलं असतं. तुझं तपासलं नाही.

आज पुन्हा साफ केलं. आकड्याखालचं दातकोरणीनं उकरलं, चिंधी पांढरी निघेपर्यंत नळी पुसली, थेंबभर तेल लावून तेही पुसून काढलं. आता स्लाइड हलकी चालते. पुढच्या चाचणीला मी उतरणार आहे. मालेगावला कळव की मुलगी नाही म्हणते. शब्द तू दिलास, परतही तूच घे.

भाऊबीजेला येत नाही. दर वर्षी पाटावर बसवून तुझ्या डोक्याला मी तेल लावते. यंदा वहिनीकडून लावून घे.

आई विचारेल, पोरीनं काय लिहिलं. तिला वाचून दाखव. जवसाचं तेल आलं की तुझा आवाज थांबेल, आणि ती वर पाहील.

वैजयंती जगदेव अवचार