सात नंबरचा बोल्ट

३० सप्टेंबर २००३, मंगळवार

सात नंबरच्या रायफलीचा बोल्ट तिचा नाही.

खंडेनवमीसाठी सगळे बोल्ट बाहेर काढले होते. एरवी रायफली हॉलमध्ये आणि गोळी उडवणारे त्यांचे बोल्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात — परवान्यातली अटच आहे. वर्षातून एकदा, पूजेपुरते, ते आपापल्या रायफलीत बसवायचे. रायफलीवर जो नंबर तोच बोल्टवर. अकरापैकी दहा जुळले. सातव्यावर नंबरच नाही. गोळीवर आदळणाऱ्या पिनचं टोकही आखूड. यानं गोळी सुटणार नाही. काम मात्र सुरेख. कुणीतरी लेथवर जीव ओतून केलंय.

म्हणजे खरा बोल्ट बाहेर कुठंतरी आहे. नऊ तारखेला फौजदार तपासणीला येणार. परवाना जाईल. बाबांनी तीस वर्षं जमवलेलं आणि जानेवारीत ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडलेलं हे जुन्या लष्करी गाड्या-बंदुकांचं म्युझियम बंद पडेल. आणि बेड्या मला.

कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, एक हिच्याकडे. पण असं काम करणारे हात इथं एकाचेच — आमचे मेकॅनिक शौकतभाई.

१ ऑक्टोबर

शौकतभाई थ्री-टनर ट्रकखाली. बाहेर फक्त पाय. विचारलं, बोल्ट तपासलेत का?

"तपासले ना दादा. पुसले, तेल दिलं."

पाय हलले नाहीत. एरवी बोलायचं म्हटलं की हा माणूस बाहेर येतो, आधी हात पुसतो. आज नाही.

त्यांचे वडील नूरमोहम्मद निजामाच्या शस्त्रागारात कारागीर होते. पोलीस ॲक्शननंतर घरी बसले, आणि घरी बसून पोराला सगळं शिकवलं. बाबा म्हणायचे, शौकतच्या हातात दिलं म्हणजे मी विसरायला मोकळा.

तिकिटावर बसणाऱ्या बद्रीनाथला लेथ चालवता येत असती, तर त्याच्यावर मी इतक्या लवकर संशय घेतला असता? उत्तर लिहवत नाही.

२ ऑक्टोबर

सुट्टी. गर्दी. जीपच्या सोळा फेऱ्या. कन्नडच्या एका म्हाताऱ्यानं युद्धातल्या जीपच्या चाकाला लाथ मारून विचारलं, "ॲव्हरेज काय देती?" सगळे हसले. मीही.

मग ऑफिसात गेलो तर ही आणि शौकतभाई बोलत होते. मला बघून गप्प. ते टोपी नीट करत निघून गेले.

"चहाचं विचारत होते," ही म्हणाली.

शौकतभाई चहा पीत नाहीत.

जे मनात आलं ते त्यांच्या बासष्ट वयाला आणि हिच्या इतक्या वर्षांच्या संसाराला शोभणारं नव्हतं. तरी आलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कपाटाचं कुलूप बदललं. हिला सांगितलं नाही.

शौकतभाई जुम्म्याच्या नमाजला गेले तेव्हा त्यांची पेटी उघडली. पाने, कानस, तारेचा ब्रश, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. मी एम.ए. झालेला माणूस — दुसऱ्याची भाकरी सोडून बघितली.

परत आल्यावर पेटीकडे बघून एवढंच म्हणाले, "दादा, कानस पान्यांत टाकली तुम्ही. दात जातेत तिचे."

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा. गाड्यांना झेंडूचे हार, रायफलींना हळदकुंकू. सातव्यापाशी हात थांबला. सगळ्यांसमोर विचारून टाकलं — हा बोल्ट कुणी केला?

"मी," शौकतभाई म्हणाले. लगेच. जणू वाटच बघत होते.

"खरा कुठाय?"

"ते नाय सांगणार."

"विकलात?"

"विकायचं असतं दादा, तर बाबा असतानाच ती चिलखती गाडी विकली असती. भंगारवाले लई मागं लागले होते." हसले. मग हसू गेलं. "फौजदाराला नाव सांगा माझं. मी नाय म्हणणार नाय."

मी म्हणालो, बुधवारपर्यंत आणून द्या, नाहीतर सांगावंच लागेल. बद्रीनाथ जमिनीकडे बघत होता. हिनं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि घरात गेली. आरती राहिली.

चोर असं बोलतो का? की मुरलेला चोर असंच बोलतो?

५ ऑक्टोबर, दसरा

दरवर्षी सकाळी पहिलं सोनं शौकतभाईंचं. बाबांच्या पाया पडायचे, मला मिठी मारायचे. आज वाट बघितली. आले नाहीत.

दुपारी पोलिसांना द्यायचा अर्ज लिहिला. दोनदा लिहिला, पहिल्यात राग दिसत होता. दुसरा अगदी नेमका झाला. सही केली नाही, टेबलावर ठेवला. रात्री जेवून परत आलो, तर अर्ज जागचा हललेला होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

म्युझियमची सुट्टी. ही पहाटेच्या एसटीनं पैठणला माहेरी गेली आणि दुपारच्या गाडीनं परत आली. पिशवीतून फडक्यातली वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. सात नंबरचा बोल्ट.

शौकतभाईंनी मार्चमध्ये हिच्याकडे दिला होता. ही कुणालाच सांगू नका म्हणाली होती. ते शब्दाला राहिले.

मार्चमधल्या अशाच एका सोमवारी दुपारी ते ग्रीसचा डबा न्यायला हॉलच्या दारापर्यंत आले होते. आत मी होतो. बोल्ट चढवलेली सात नंबर मांडीवर घेऊन बसलो होतो. बराच वेळ, नळी हनुवटीशी. कुणी पाहिलं नाही असं समजून चाललो होतो. इथंही लिहिलं नव्हतं.

ही म्हणाली, "नऊला फौजदारांना दाखवा. दहाला मला परत द्या."

हो म्हणालो.